बारीक स्फटिककण आणि ऑक्साइडचे सूक्ष्मकण
लोखंड अनेक लहान स्फटिकांचे, म्हणजे स्फटिककणांचे, बनलेले असते. हे कण जितके बारीक तितके लोखंड बळकट, हे विधान सामान्य तापमानाला खरे आहे. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) या संशोधकांच्या सूत्रानुसार कणांचा व्यास एक चतुर्थांश केला, तर कणसीमांमुळे (दोन कणांमधल्या सीमांमुळे) मिळणारे बळ दुप्पट होते, कारण प्रत्येक सीमेपाशी डिसलोकेशनची, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतील ज्या रेषारूप दोषाच्या सरकण्याने धातू वाकतो त्याची, वाट अडते. मात्र ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास याच सीमा सरकू लागतात आणि बळकटी घटते. तेथे यिट्रियम या धातूच्या ऑक्साइडचे काही नॅनोमीटर आकाराचे, लोखंडात जवळपास न विरघळणारे सूक्ष्मकण उपयोगी पडतात. ते डिसलोकेशनला अडवतात आणि सीमांनाही जागच्या जागी धरून ठेवतात. घडीव लोखंडातील (जुन्या पद्धतीच्या, ठोकून घडवलेल्या लोखंडातील) धातुमळीचे, म्हणजे लोखंड बनवताना त्यात राहिलेल्या मळाचे, धागेही ऑक्साइडयुक्तच, पण ते जाड आणि विरळ असल्यामुळे त्यांना या हिशेबात धरू नये, असे मला वाटते.