मदत हवी आहे: जुन्या ट्रेलरचं ॲव्हरेज लिटरला ३.४ किमी वरून २.७ वर

इंदूर–मुंबई लाइनची गाडी आहे. २००९ चा ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक), सहा सिलिंडर, टर्बो-इंटरकूलर (टर्बोची दाबलेली हवा थंड करणारा), इंजिनला डिझेल देणारा पंप मेकॅनिकल. माल तेवढाच, रस्ता तोच. ॲव्हरेज टाकी-टू-टाकी, एकाच पेट्रोल पंपावर भरून, तीन फेऱ्यांचं काढलंय. त्यामुळे चोरी किंवा मोजणीतली चूक नको धरायला.

झालेलं काम: एअर फिल्टर नवा, टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) सेट, नोझल प्रेशरवर तपासून बसवले. टायरची हवा थंड असताना बरोबर. जॅकवर चाकं मोकळी फिरतात. फक्त ट्रेलरच्या मागच्या डाव्या हबला (चाकाच्या मध्याला) सपाट रस्त्यावरही हात ठेववत नाही, इतका तापतो. तिथला स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढील जुळवणारा) सोडून बघणार आहे, पण एका ब्रेक ड्रमने एवढा फरक पडेल असं वाटत नाही.

खरा संशय वेगळाच आहे. बिजासन घाटात चढाला काळा धूर, आणि ओढ कमी. म्हणजे डिझेल जातंय, हवा पुरत नाही. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पजवळ तेलकट काळा पट्टा आहे. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे येतात. शिवाय डिझेल पंपाच्या फुल-लोड स्क्रूचं (जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा) सील तुटलेलं आहे, कुणीतरी डिझेल वाढवून ठेवलेलं दिसतंय. भरीला टेंपरेचरचा काटा ७० च्या वर जातच नाही, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असावा.

होज आणि थर्मोस्टॅट बदलून एक फेरी मारावी, की पंप आधीच काढून बेंचवर कॅलिब्रेट करावा? पंपाचं टायमिंग (डिझेल नेमकं कधी सुटतं ते) पंप उतरवण्याआधी तपासायचं की परत बसवताना? इंदूरला देवास नाक्याच्या आसपास पंपाचं काम नीट करणारं कुणी माहीत आहे का?