आजीच्या नागिणीमुळे नातीला कांजिण्या होतात का? मदत हवी आहे

लेक साडेचार वर्षांची. मंगळवारी आंघोळ घालताना पोटावर तीन-चार लाल पुटकुळ्या दिसल्या, मला वाटलं डास चावले. बुधवारी सकाळी पाठीवर, मानेवर, अगदी केसांच्या मुळाशीसुद्धा पाणी भरलेले फोड! डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, कांजिण्या. पॅरासिटामॉल आणि कॅलामाइन दिलंय, ताप १०१ च्या आसपास.

आता खरा घोळ. अठरा दिवसांपूर्वी सासूबाईंना कमरेला नागीण उठली होती आणि लेक रोज त्यांच्याच कुशीत झोपते. शाळेत कुणालाच कांजिण्या नाहीत, मी विचारून आले. शेजारच्या काकू म्हणतात नागीण उष्णतेची, तिचा काय संबंध? सासूबाई मात्र स्वतःलाच बोल लावत बसल्यात, धड जेवतही नाहीत.

शिवाय जाऊबाईंना सातवा महिना आहे. रविवारी आल्या होत्या, दोन तास लेक मांडीवर. तेव्हा अंगावर एकही फोड नव्हता, म्हणजे काळजी नाही ना? येत्या रविवारी डोहाळजेवण आहे.

आणि कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ चालेल का? ताप चढला तर सासऱ्यांच्या ॲस्पिरिनची पाव गोळी द्या, असंही एकांनी सुचवलंय.

प्रतिसाद १

ॲस्पिरिन अजिबात नको! कांजिण्यांत मुलांना ती दिली तर राय सिंड्रोम होऊ शकतो, त्यात यकृत आणि मेंदू दोन्हींना इजा होते. आयबुप्रोफेनही टाळा. पाल्याचं कोमट पाणी चालेल, पण अंग घासू नका, टिपून घ्या. नखं आजच कापा.

काकूंना सांगा, दोन्हीचा विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात एखाद्या नसेच्या पट्ट्यात वर येतो. म्हणून नागीण बहुधा एकाच बाजूला असते. (तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, हे आमच्याकडेही सांगतात. सोडून द्या.) नागिणीच्या फोडांतलं पाणी लागलं, तर ज्याला आधी कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्याच होतात. १० ते २१ दिवस लागतात, म्हणजे तुमचा हिशोब बसतो. आजींना बोल लावण्यासारखं काही नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं ना! लेकीला लस दिली होती का?

जाऊबाईंचं मात्र आजच बघा. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते, त्यामुळे रविवार धरायलाच हवा. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील तर बहुतेक निभावेल. नसतील किंवा आठवत नसेल तर रक्त तपासून प्रतिपिंडं आहेत का बघतात. नसली तर प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, पण ते १० दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. फोन करून जा, तिथल्या रांगेत इतर गरोदर बायका असतात.

धागाकर्ती

लस राहूनच गेली हो. जाऊबाईंच्या आईला फोन केला, तिसरीत असताना झाल्या होत्या म्हणे, कपाळावर वण आहे. तरी त्यांच्या डॉक्टरांनी रक्त घेतलंय, उद्या रिपोर्ट. डोहाळजेवण पुढे ढकललं. सासूबाई आज दोन घास जास्त जेवल्या.

एकच राहिलं, शाळेत कधी पाठवू? ताप गेला की चालेल?

प्रतिसाद १

तापावर नका जाऊ. शेवटच्या फोडावर खपली धरली की पाठवा. नवे फोड येताहेत का अजून?