एप्रिलमधला क्लीव्हलँड

'बेसबॉलमधले एप्रिलचे सामने म्हणजे नुसता सराव' हे मत क्लीव्हलँड या अमेरिकन संघाच्या बाबतीत तरी पटत नाही. 16 एप्रिल 1940, मोसमाचा पहिलाच दिवस. क्लीव्हलँडचा 21 वर्षांचा पिचर (चेंडू टाकणारा) बॉब फेलर याने शिकागो व्हाइट सॉक्स संघाला एकही हिट (फलंदाजाला बेसवर सुखरूप पोहोचवणारा फटका) मारू दिला नाही. सामना 1-0 ने खिशात. गंमत अशी, की शिकागोच्या प्रत्येकाची फलंदाजीची सरासरी सामन्याआधी शून्य आणि नंतरही शून्यच!

पण माझ्या लेखी त्याहून मोठा दिवस 8 एप्रिल 1975. क्लीव्हलँडचा फ्रँक रॉबिन्सन, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक. स्वतःच खेळायलाही उतरला आणि न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्ध फलंदाजीच्या पहिल्याच खेपेला चेंडू थेट कुंपणापार. क्लीव्हलँड 5-3 ने जिंकलं.