नाताळात कॅरॅव्हॅनने कोकण: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-३०१: नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत कॅरॅव्हॅन (आत झोपायची-राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन आम्ही घरचे सगळे कोकणात जायचं म्हणतोय. बडोद्याहून हरिहरेश्वर, मग समुद्राकडेने रत्नागिरी, येताना आंबा घाट चढून निघोज. आईला समुद्राचे कडे बघायचेत, मुलांना नदीच्या घळी. तिकडे कोणी मोठी गाडी नेली आहे का? बुकिंगच्या आधी विचारतोय.

सी-१०४ मावशी: आई येताहेत हे फार छान. वाटेत पाय लांब करून पडता येईल त्यांना. बटाट्याचा लिला चिवडा मी देते बांधून.

बी-२०४: कारच्या लायसन्सवर चालते का ही गाडी?

ए-५०२ काका: चालते. गाडीचं एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, गाडी व्यावसायिक नोंदणीची असली तरी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिलाय. वजन आरसीवर लिहिलेलं असतं, ते बघून घे. माझं मत विचारशील तर ड्रायव्हर घे. सागरी रस्त्याची वळणं नवख्याने मोठ्या गाडीत शिकू नयेत.

बी-६०१ काकू: माझं माहेर गुहागर तालुक्यातलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तू रूट किलोमीटरवर बसवलायस. तो आधी भरती-ओहोटीवर बसव.

आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, त्या सुमाराला भरती पूर्ण. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. दिवसातून दोनदा असं होतं आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला, गावागावात वेळ मागेपुढे होते. नेमकी वेळ बंदरावर कोळ्यांना विचारायची. ते कधी चुकीचं सांगत नाहीत.

आता हे तुझ्या प्लॅनला लाव. हरिहरेश्वरला देवळामागून दोन कड्यांच्या मधल्या पायऱ्या उतरून खडकावरून प्रदक्षिणा करतात. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला समुद्र. वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने कड्याला पोळ्यासारखी जाळी पडली आहे, मुलांना हात लावून बघू दे. पण ही वाट फक्त ओहोटीची. पाणी चढायला लागलं की परत फिरायला जागाच उरत नाही, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. पाणी उतरत असतानाच निघायचं, चढत असताना नाही.

आमच्या गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ याच्या बरोबर उलट. काळ्या कातळाला उभी चीर पडली आहे, ती आत निमुळती होत जाते. भरतीची लाट आत शिरते, आधी पोटातून ढम्म असा आवाज येतो आणि मग पाण्याचा खांब वर उसळतो. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसेल. कडेच्या खडकावर शेवाळ असतं, आईंना मागेच थांबवा, तिथूनही छान दिसतं.

म्हणून हरिहरेश्वर अष्टमी-नवमीला आणि हेदवी चतुर्दशी-पौर्णिमेला येईल असं बघ. दोन्ही ऐन दुपारच्या उजेडात मिळतील, आणि पौर्णिमेला उधाण असल्याने घळीत पाणीही जोरात येईल. मधल्या दिवसांत केळशी, आंजर्ले, गुहागर करा.

बी-२०४: म्हणजे आपल्या भरूच जिल्ह्यातल्या कावी-कंबोईसारखंच. तिथल्या स्तंभेश्वर महादेवाची पिंडी भरतीला पाण्याखाली जाते, तिथे आपण वेळ विचारूनच जातो.

बी-६०१ काकू: अगदी तसंच. खंभातच्या आखातात पाणी निमुळत्या जागेत कोंडतं म्हणून भरती १० मीटरच्या आसपास चढते. कोकणात त्याच्या निम्मीही नाही, पण खडकावरच्या माणसाला तेवढी पुरते.

ए-३०१: काकू, खूप उपयोगी. खाड्यांवरून गाडी कशी न्यायची? वळसा घालावा लागेल का?

बी-६०१ काकू: नको. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा तीन फेरीबोटी तुझ्या वाटेवर आहेत, गाडी त्यावर चढते. फक्त ओहोटीला जेट्टीचा उतार तीव्र होतो आणि लांब गाडीची मागची बाजू घासू शकते. बोटीवरच्या माणसांना आधी गाडीची लांबी सांगायची, ते म्हणतील तेव्हाच चढवायची. आतल्या गावांत आंब्या-फणसाच्या फांद्या रस्त्यावर खाली आलेल्या असतात, उंचीवर लक्ष ठेव.

अजून एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. रत्नागिरीकडे सड्यावर, म्हणजे समुद्राकाठच्या उंच कातळाच्या पठारावर, गाडी लावून सूर्यास्त बघायचा मोह होईल. आरे-वारेच्या रस्त्यावर तर नक्कीच. सड्याचा वरचा थर जांभ्याचा, टणक. पण त्याच्या खाली मऊ माती असते, ती समुद्र पोखरतो आणि वरचे चिरे अधांतरी राहतात. वरून काही कळत नाही. गाडी कडेपासून लांब, माणसंही लांब. रात्री मुक्काम गावात, कोणाच्या तरी अंगणात, विचारून. पाणी मिळतं, लाईट मिळते, आणि आईंना सोबतही.

ए-५०२ काका: निघोजबद्दल मी सांगतो. शिरूरहून आत जायचं. कुकडी नदीच्या पात्रात बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, रांजणखळगे (रांजणासारखे खोल गोल खड्डे) आहेत. खळग्यात अडकलेले दगडगोटे पुराच्या पाण्याबरोबर गरगर फिरतात आणि वर्षानुवर्षं खडक कोरत जातात, म्हणून आतली बाजू एवढी गुळगुळीत. तळाशी ते गोल गोटे अजून पडलेले दिसतात. पाणी वरच्या धरणातून सोडलेलं असेल तर पात्रात उतरू नका, मळगंगा देवीच्या देवळात विचारा. खळगे खोल आहेत आणि काठ घसरडे, लहान मुलाचा हात सोडायचा नाही.

ए-३०१: आईने लगेच पंचांग काढलंय. गाडीवाल्याला तारखा चार दिवस पुढे सरकवता येतील का विचारतो. ड्रायव्हरसकटच घेऊ.

सेक्रेटरी: गाडी आदल्या रात्री सोसायटीत आणणार असाल तर गेटच्या कमानीची उंची मोजून घ्या. वरच्या एसीसकट बसत नसेल तर मागच्या गेटची किल्ली वॉचमनकडे ठेवतो. टाकीचं वापरलेलं पाणी कृपया बागेत सोडू नका, ड्रेनेजचं झाकण उघडून देऊ.