भातावरच्या करप्याला निंबोळी अर्क चालेल का?

मुरबाडकर:
नोकरी ठाण्यात, दीड एकर भात मुरबाडला, त्यामुळे शेताची भेट रविवारचीच. काल पानांवर होडीसारखे ठिपके दिसले: मधे राखाडी, कडा तपकिरी. आई म्हणाली, "करपाच हा, बुरशीचा रोग." युरिया मीच सढळ हाताने टाकलाय, ते तिला अजून सांगितलेलं नाही. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या आहेत. फवारू?

शहापूरचा भातवाला:
दादा, अर्क हे औषध नव्हे, आधीची तयारी. रोप त्यानं सावध होतं, स्वतःची संरक्षक द्रव्यं बनवू लागतं. बुरशी पानात शिरल्यावर त्याचा जोर फार नसतो. तरी नव्या पानांसाठी ५ टक्के अर्क करून बघा: ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळा, पाणी घालून १०० लिटर करा. संध्याकाळी फवारा, उरलेला ठेवू नका. युरिया मात्र आता बंद, त्यानं करपा वाढतो! आणि लोंबी निसवताना, म्हणजे बाहेर पडताना, लक्ष ठेवा. लोंबीच्या मानेवर करपा आला तर दाणा भरत नाही. ठिपके वाढत असतील तर कृषी सहायकाला विचारून ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक घ्या, हट्ट नको.

वासिंदची ताई:
पुढच्या वर्षी रोपवाटिकेत तुसाची काळी राख घाला. भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीतलं पहिलंच सूत्र ते. राखेतल्या सिलिकानं पान टणक होतं.

मुरबाडकर:
राख गिरणीत फुकट मिळेल. युरियाचं आईला आज सांगतो.