डेटा स्ट्रक्चर्स ‘स्वयं’ पोर्टलवरून करू की लेक्चरला बसू?

तिसरंसेम_कॉम्प
इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष. डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्रॅममध्ये माहिती साठवायच्या रचना) हा विषय कॉलेजात आहेच, पण ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या व्हिडिओ उपक्रमाचा, १२ आठवड्यांचा कोर्सही चालेल म्हणतात. क्रेडिट मिळणार असतील तर लेक्चर सोडू का?

चॅप्टर_समन्वयक
आधी लेखी परिपत्रक बघ. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून घेता येतात, पण कुठला कोर्स कशाच्या बदल्यात चालेल ते विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज ठरवतं. १२ आठवड्यांचे ३ क्रेडिट धरतात. तुमचा विषय ४ चा असेल तर उरलेल्या एकाचं काय, हे आत्ताच विचारून घे.

मुलं फसतात ती परीक्षेच्या नोंदणीत. कोर्सला नाव घालणं फुकट. परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी, आणि त्याची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. असाइनमेंटचे २५ गुण, १२ पैकी सर्वोत्तम ८ धरून. केंद्रावरच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात.

पॉइंटर_आणि_खडू
क्रेडिट कुठूनही घे, पण लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोडांची, म्हणजे घटकांची यादी) आणि ट्रीचे तास बुडवू नकोस. डिलीटचा कोड व्हिडिओत सरळ वाटतो. लिहायला बसलं की पहिलाच नोड काढताना हेड, म्हणजे यादीच्या सुरुवातीचा पॉइंटर, पुढे सरकवायचं राहतं, किंवा नोड फ्री करून (त्याची मेमरी परत देऊन) मग त्याचाच नेक्स्ट, म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता, वाचला जातो. दुसरी चूक फार वाईट, कारण कधी कधी उत्तर बरोबर येतं आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच ठिकाणी कोसळतो. वही बघून शिक्षक ती मिनिटात दाखवतात. व्हिडिओला तुझी वही दिसत नाही.

सॉर्टिंग, कॉम्प्लेक्सिटी (कोडला किती वेळ आणि मेमरी लागते ते) मात्र व्हिडिओवरून छान होतं. पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघता येतं, वर्गात ती सोय नाही.

तिसरंसेम_कॉम्प
मग व्हिडिओ बघायचे कसे? दीडपट वेगाने?

पॉइंटर_आणि_खडू
व्याख्या आणि प्रस्तावना दीडपटीने चालेल. कोड आला की थांबव, पुढची ओळ आधी कागदावर लिही, मग बघ. प्रत्येक पायरीला बाण आणि चौकटी काढ. असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ठेवू नकोस. शंका कोर्सच्या चर्चेत टाकलीस तर उत्तराला एक-दोन दिवस लागू शकतात.