जपानी भांडण बघायचंय? 'साइको नो रिकोन' बघा

जपानी नवरा-बायको भांडतच नाहीत, नुसते गप्प बसतात, हे वाचून हसूच आलं. फुजी टीव्हीची २०१३ ची जपानी सिरीयल 'साइको नो रिकोन' बघा, नावाचाच अर्थ बेस्ट घटस्फोट! यातले नवरा-बायको वयानं तिशीचेच पण कटकट अशी की लग्नाला पंचवीस वर्षं झालीयेत असं वाटावं. नवरा मित्सुओ व्हेंडिंग मशीनच्या कंपनीत, भयंकर टापटिपीचा आणि किरकिऱ्या, बायको युका एकदम बिनधास्त, वस्तू जिथल्या तिथे कधीच नाही, आणि हा महाशय डेंटिस्टकडे तोंड उघडं ठेवून बायकोच्या तक्रारी सांगत बसतो, त्या सीनला मी लिटरली लोळले.

२०११ च्या भूकंपाच्या दिवशी ट्रेन बंद, सगळं टोकियो पायी घरी निघालेलं, त्यात हे दोघं जवळ येतात. म्हणजे लग्न का केलं याचं उत्तर प्रेम वगैरे नाही, त्या दिवशी एकटं वाटत होतं हे आहे. मला हे फार खरं वाटलं.

आणि तिकडे जपानमध्ये घटस्फोटाला दोघं राजी असतील तर कोर्टाची पायरीच नाही, एक फॉर्म, दोन साक्षीदारांच्या सह्या, वॉर्ड ऑफिसात दिला की झालं. आपल्याकडे सहमतीनं घ्यायचा तरी फॅमिली कोर्टाच्या तारखा. त्या एका कागदावर सिरीयल काय धमाल करते ते सांगत नाही, स्पॉयलर होईल.

लेखक साकामोतो युजी, एपिसोड फक्त ११. कोरियन रिमेक पण आहे २०१८ चा, पण आधी ओरिजिनलच बघा हं.